पीडीएफ पाठवली, पोचली विनमेल.डॅट

विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकमधून पाठवलेली पीडीएफ कधीकधी लिनक्सवर 'विनमेल.डॅट' नावाने उतरते. फाइल खराब झालेली नसते. आउटलुकने रिच टेक्स्ट या आपल्या खास फॉरमॅटमधली मेल टीएनईएफ नावाच्या स्वतःच्या गाठोड्यात बांधलेली असते, आणि ते सोडवणं बऱ्याच मेल प्रोग्रॅमना जमत नाही. नाव बदलून शेवटी .पीडीएफ लावणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

खरा इलाज पाठवणाऱ्याकडे: फाइल, ऑप्शन्स, मेल, तिथे रिच टेक्स्टच्या ओळीत 'कन्व्हर्ट टू एचटीएमएल'. एवढं करूनही एकाच माणसाच्या बाबतीत घोळ चालू राहिला, तर 'टू'च्या रकान्यात आपोआप येणारा त्याचा जुना पत्ता फुलीवर क्लिक करून उडवायचा आणि नव्याने टाइप करायचा. रिच टेक्स्टची खूण तिथेच चिकटलेली असू शकते.

आधीच आलेलं गाठोडं लिनक्सवर 'टीएनईएफ' ही कमांड सोडवते; आतली पीडीएफ धडधाकट निघते.