आधी पाणी पाहावे, मग साबण: कमी खर्चात, कमी रसायनांत धुणे

धुण्याचा खर्च कमी करायचा असेल, तर पावडर बदलण्याआधी आपल्या नळाला येणारे पाणी तपासावे. पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घेऊन त्यात साध्या साबणाच्या वडीचा चिमूटभर कीस टाकावा आणि बूच लावून बाटली जोरात हलवावी. वर भरपूर फेस येऊन खालचे पाणी बऱ्यापैकी नितळ राहिले, तर पाणी सुफेन आहे. फेस जेमतेम आला आणि पाणी नासलेल्या दुधासारखे फुटलेले दिसू लागले, तर ते दुष्फेन आहे, आणि अशा पाण्यात कितीही साबण ओतला तरी त्यातला बराचसा कपड्यांपर्यंत पोहोचतच नाही.

आमच्या कोकणातल्या घरी विहिरीच्या पाण्यात साबणाची वडी आठवडाभर पुरायची. शहरात बोअरच्या पाण्यावर आल्यावर तीच वडी तीन दिवसांत संपू लागली, शिवाय मुलांचे पांढरे शर्ट करडे पडले. मी पावडर वाढवत गेले आणि शर्ट अधिकच खरखरीत होत गेले. दोष साबणाचा नव्हता. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. बादलीच्या कडेला जो राखाडी थर बसतो तो हाच, आणि तोच कपड्याच्या धाग्यांतही अडकतो.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे धुण्याचा सोडा. तो खाण्याच्या सोड्यापेक्षा वेगळा आणि बराच तीव्र असतो, त्यामुळे किराणा दुकानात घेताना ‘कपड्यांचा सोडा’ असे स्पष्ट सांगावे. तो पाण्यातील क्षारांना साबणाआधीच गाठतो आणि साबण मळ काढायला मोकळा राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे याच क्षारांच्या प्रमाणाची, स्वीकार्य मर्यादा लीटरला 200 मिलिग्रॅम, तर दुसरे पाणी उपलब्धच नसल्यास 600 मिलिग्रॅम आहे. समजा आपले पाणी 400 मिलिग्रॅमचे आहे, तर 20 लीटरच्या बादलीत 8 ग्रॅम क्षार असतात आणि त्यांच्यासाठी कोरडा सोडा साधारण साडेआठ ग्रॅम, म्हणजे दोन सपाट लहान चमचे लागतो. एवढ्याशा सोड्याने पावडर निम्म्यावर आणता येते.

सोडा थेट कपड्यांवर टाकू नये. तांब्याभर कोमट पाण्यात तो पूर्ण विरघळवून बादलीत ओतावा, पाच-दहा मिनिटे थांबावे, मगच साबण किंवा नेहमीच्या निम्मी पावडर घालून कपडे अर्धा-पाऊण तास भिजत ठेवावेत. भिजवण्याचा हा वेळ फुकटचा आहे आणि घासण्याचे बरेचसे काम तोच करतो. कॉलर आणि बाह्यांच्या कडा यांना भिजवण्याआधी वडी चोळून ठेवावी. सोड्याने हातांची त्वचा कोरडी पडते, म्हणून हातमोजे वापरावेत. रेशीम, लोकर आणि ॲल्युमिनियमची भांडी यांच्याजवळ तो नेऊच नये. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये साबणाचा कीस न टाकता मशीनसाठीची पावडरच निम्मी घ्यावी आणि तिच्या जोडीला सोडा वापरावा.

रेशीम, लोकर आणि गडद रंगांच्या सुती कपड्यांसाठी रिठा उत्तम. त्यातील सॅपोनिन पाण्याला फेस आणते आणि दुष्फेन पाण्यातही त्याचा साबणासारखा साका होत नाही. काष्ठौषधींच्या दुकानातून रिठे आणून बिया काढाव्यात, 100 ग्रॅम टरफले एक लीटर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळावीत, निवल्यावर हाताने चांगली कुस्करावीत आणि पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. अर्ध्या बादलीला एक वाटी अर्क पुरतो. साडी त्यात दहा मिनिटे बुडवून हलक्या हाताने खळबळावी, पिळू नये, साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळत घालावी. हा अर्क टिकत नाही. बाहेर ठेवल्यास दोन-तीन दिवसांत आंबतो, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, म्हणून लागेल तेवढाच करावा. डोळ्यांत गेल्यास तो फार झोंबतो, लहान मुले असलेल्या घरात ही काळजी घ्यावीच.

रिठ्याचे गुणगान पुष्कळ होते, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर मातीने आणि तेलाने मळलेल्या कपड्यांना तो पुरा पडत नाही आणि पांढऱ्या कपड्यांवर पिवळट झाक सोडतो. त्यांना साबण व सोडा हेच योग्य.

आपल्याकडच्या डागांत हळदीचा डाग सर्वांत जास्त घाबरवतो. आमटी सांडलेल्या जागी साबण लावताच पिवळा डाग क्षणात लालभडक होतो आणि कपडा वाया गेला असे वाटते. तसे काही झालेले नसते. हळदीतील कुरक्युमिन हे रंगद्रव्य अल्कलीत (साबण, सोडा, चुना अशा पदार्थांत) लाल होते, आणि पारंपरिक कुंकू हळदीला चुन्यासारखे पदार्थ लावून करतात तेही याच गुणामुळे. साबण धुऊन निघाला की डाग पुन्हा पिवळा होतो. मग तो ओला असतानाच कपडा कडक उन्हात पसरावा, कारण हे रंगद्रव्य उन्हापुढे टिकत नाही. एक-दोन दिवसांत, कधी तिसऱ्या धुण्याला, डाग दिसेनासा होतो. ब्लीचची गरज पडत नाही. रक्ताच्या डागाला मात्र थंडच पाणी लावावे, गरम पाण्याने तो धाग्यात पक्का बसतो. लोखंडाच्या गंजाचा डाग लिंबू व मीठ चोळून उन्हात ठेवल्यास फिका पडतो, पण रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीजवळ करून पाहावे.

शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घातले, तर राहिलेला सोडा निघून जातो आणि टॉवेल मऊ राहतात. सुगंधी सॉफ्टनरचा थर टॉवेलची पाणी शोषण्याची ताकद कमी करतो, त्यामुळे तो विकत घेण्याचे कारणच उरत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकाच वेळी मिसळून होणारी फसफस बघायला छान वाटते, पण त्यात दोन्ही पदार्थ एकमेकांना निकामी करतात. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा शौचालय साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सुती साडी किंवा कुडत्याला खळ हवी असेल, तर भाताची पेज गाळून, पातळ करून वापरावी. पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो तो ते फार वेळ ओले राहिल्यामुळे. अशा वेळी धुणे थोडे थोडे काढावे, नीट पिळावे आणि दोरीवर कपड्यांत अंतर ठेवून पंख्याखाली वाळवावे.

धुण्याच्या उरलेल्या पाण्याचीही सोय लावावी लागते. सोड्याचे पाणी कुंड्यांना घालू नये, त्यातील सोडियमने माती बिघडते. मोरी आणि संडास घासायला मात्र ते चांगले. रिठ्याचे पाणी माशांना घातक असते, म्हणून ओढा, तळे किंवा विहीर यांच्या काठावर ते ओतू नये. गाळून उरलेली टरफले वाळवून झाडांच्या बुंध्याशी मातीत पुरावीत.