जोडखिडक्यांचा हिशेब: रेव्हिटमध्ये टॅग आणि शेड्यूल

"मॅडम, हॉलच्या खिडक्या अठ्ठेचाळीस? बिल्डिंग तर बारा फ्लॅटची आहे ना?"

अ‍ॅल्युमिनियम फॅब्रिकेटरचा हा फोन आला तेव्हा मी पुण्यात साइटवरच होते. प्रत्येक हॉलला एकच मोठी खिडकी: मधे सरकती, दोन्ही बाजूंना फिक्स काच. रेव्हिट या इमारतीचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमधल्या माझ्या शेड्यूलने, म्हणजे मॉडेलवरून बनणाऱ्या तक्त्याने, आख्खी खिडकी मोजली आणि तिचे तीन भागही मोजले. बारा अधिक छत्तीस. चूक माझीच. आकडा एवढा उघड होता म्हणून वाचले. तीन-चारनेच फुगला असता तर तसाच ऑर्डरला गेला असता.

जोडखिडकी एक की तीन, याचं उत्तर विचारणाऱ्यावर ठरतं. गवंड्याला भिंतीत एकच भोक ठेवायचं असतं. प्लॅनवर एकच डब्ल्यू५ (त्या खिडकीचा कोड) लिहायचं असतं. फॅब्रिकेटरला मात्र फिक्स किती, सरकत्या किती, प्रत्येकीचं माप काय, हे हवं असतं. म्हणून फॅमिली (रेव्हिटमधला वस्तूचा साचा) एकच करायची आणि तिच्यातून दोन शेड्यूल काढायची. खाली आमच्या चार माणसांच्या ऑफिसची पद्धत सांगते.

आधी भाग. फिक्स काच आणि सरकती खिडकी यांच्या दोन वेगळ्या फॅमिली. भिंतीवर बसणारं विंडो टेम्प्लेट इथे घेऊ नका. जेनेरिक मॉडेल टेम्प्लेटमध्ये सुरुवात करून कॅटेगरी 'विंडोज' करा, म्हणजे भाग भिंतीला भोक पाडणार नाही. ते काम बाहेरच्या खिडकीचं. मग फॅमिलीच्या गुणधर्मांमधल्या 'शेअर्ड'वर टिक करा. सगळी मेख या टिकेत आहे. टिक नसेल तर आतला भाग शेड्यूलला दिसतच नाही. असेल तर तो स्वतंत्र ओळ मागतो आणि स्वतंत्र टॅगही (ड्रॉइंगवरची कोडची चिठ्ठी) घेतो.

आता रुंदी-उंची. शेअर्ड केलेल्या आतल्या फॅमिलीचे टाइप पॅरामीटर (त्या प्रकारच्या सगळ्या नगांना एकच असणारी मापं) बाहेरच्या फॅमिलीशी जोडता येत नाहीत, फक्त इन्स्टन्स (नगागणिक बदलणारे) जोडता येतात. तेव्हा भागांची मापं इन्स्टन्स ठेवा. मी पहिल्यांदा टाइप ठेवली आणि अर्धा दिवस 'हे जुळत का नाही' म्हणून डोकं धरून बसले.

मग भिंतीवर बसणारी विंडो फॅमिली. तिला आम्ही ऑफिसात 'खोका' म्हणतो. भोक पाडणं, कपलर (दोन भागांना जोडणारी पट्टी) आणि भागांच्या जागा एवढंच तिचं काम. आमचा डब्ल्यू५ असा: एकूण रुंदी ३००० मिमी, उंची १५००, सिल (खिडकीची खालची कड) ६०० वर, म्हणजे लिंटेल (वरची कड) २१०० वर. बाजूच्या फिक्स ६०० च्या, कपलर ५० चे दोन. मधल्या भागाला सूत्र द्या: एकूण रुंदी, वजा दोन फिक्स, वजा दोन कपलर. उत्तर १७००. हे हाताने टाइप करू नका. क्लायंटने हॉल १०० मिमीने वाढवला की बाकी सगळं हलतं आणि तेवढं एक माप जुनंच राहतं.

बेडरूमच्या साध्या खिडकीलाही आम्ही खोकाच करतो, आत एकच भाग. जरा जास्तीचं काम वाटतं खरं, पण मग नियम सगळीकडे एकच राहतो.

आता दोन शेअर्ड पॅरामीटर (वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये नोंदवलेले, अनेक फॅमिलींना वापरता येणारे), दोन्ही टेक्स्ट. पहिला 'भूमिका': खोक्यात 'पूर्ण', भागात 'भाग'. दुसरा 'युनिट कोड': भागात तो इन्स्टन्स ठेवून खोक्याच्या युनिट कोडला जोडायचा, म्हणजे आतल्या तिन्ही भागांना आपण डब्ल्यू५ चे हे कळतं. प्रोजेक्ट पॅरामीटरवर (फक्त त्या एका प्रोजेक्टपुरत्या) भागवू नका, तो टॅगमध्ये येत नाही. शेअर्ड पॅरामीटरची टेक्स्ट फाइल अख्ख्या ऑफिसात एकच असू द्या. आमच्याकडे एकाने घरून काम करताना त्याच नावाचा नवा पॅरामीटर बनवला. नाव तेच, आतली ओळख वेगळी. शेड्यूलमध्ये 'युनिट कोड'चे दोन रकाने, दोन्ही अर्धे रिकामे.

शेड्यूल दोन, दोन्ही विंडोज कॅटेगरीची. पहिल्याला फिल्टर लावा: भूमिका बरोबर 'पूर्ण'. हे गवंड्याचं. दुसऱ्याला भूमिका बरोबर 'भाग'. सॉर्टिंगमध्ये आधी युनिट कोड, मग फॅमिली अँड टाइप, मग रुंदी आणि उंची, आणि 'आयटमाइझ एव्हरी इन्स्टन्स'ची टिक काढा. काउंटचा रकाना घेतला की डब्ल्यू५ खाली दोनच ओळी येतात: फिक्स ६०० बाय १५०० चे २४, सरकती १७०० बाय १५०० चे १२.

टॅगिंगमध्ये खरी चिडचिड होते. 'टॅग ऑल' सरळ चालवलं की प्लॅनवर एका खिडकीला चार टॅग बसतात. त्यापेक्षा एका खोक्यावर राइट क्लिक करून त्या व्ह्यूमधले सगळे तसेच खोके निवडा, मग 'टॅग ऑल' उघडून 'ओन्ली सिलेक्टेड ऑब्जेक्ट्स' घ्या. प्लॅनवर एवढंच. भागांचे टॅग एलिव्हेशनवर, वेगळ्या टॅग फॅमिलीने, 'टॅग बाय कॅटेगरी' वापरून. कर्सर भागावर नेऊन टॅब दाबत राहा. खाली स्टेटस बारमध्ये भागाचं नाव आलं की क्लिक. पहिल्या दिवशी बोट दुखतं.

जुन्या प्रोजेक्टमध्ये कोणी तीन सुट्या खिडक्या शेजारी शेजारी लावल्या असतील तर सगळं मोडू नका. रेव्हिट २०२२ पासून एका टॅगला आणखी होस्ट, म्हणजे इथे शेजारच्या खिडक्या, जोडता येतात. तिन्हींचा युनिट कोड सारखा भरलेला असेल तर टॅग तो दाखवतो, नाहीतर 'व्हेरीज' लिहून मोकळा होतो.

पाठवण्याआधी क्षेत्रफळ जुळवा, कारण आपल्याकडे दर चौरस फुटावर ठरतो. दोन्ही शेड्यूलमध्ये रुंदी गुणिले उंची असा कॅल्क्युलेटेड रकाना घ्या. त्याचा प्रकार 'एरिया' करा, नाहीतर युनिट जुळत नसल्याची तक्रार येते. आणि फॉर्मॅटिंगमध्ये बेरीज चालू करा. आमच्या बारा डब्ल्यू५ चं पूर्ण क्षेत्रफळ ५४ चौरस मीटर, भागांचं ५२.२. फरक १.८, तो कपलरचा: ५० मिमी रुंद, दीड मीटर उंच, २४ नग. जुळलं. सुरुवातीच्या त्या चुकीच्या शेड्यूलमध्ये मात्र दोन्ही मिळून १०६.२ धरले गेले होते, म्हणजे सुमारे ५८१ चौरस फुटांऐवजी ११४३.

हे सगळं पाठवल्यावर त्याच फॅब्रिकेटरचा पुन्हा फोन: "मॅडम, कपलर किती मीटर?" कपलर खोक्यातच काढलेला, शेअर्ड नाही, त्यामुळे त्याची ओळ नव्हती. गवंड्याच्या शेड्यूलमध्ये डब्ल्यू५ साठी उंचीच्या दुप्पट असा एक रकाना घातला आणि खाली बेरीज घेतली. ३६ मीटर.