पाव वातड होऊ नये आणि त्याला बुरशीही लागू नये म्हणून काय करावे

पावसाळ्यात सकाळी आणलेली लादी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उलटून पाहावी, तर पोटाकडे हिरवट ठिपका दिसतो. मग कुणीतरी म्हणते, फ्रीजमध्ये ठेवायची होती. फ्रीजमध्ये ठेवली की तोच पाव दुसऱ्या दिवशी असा वातड होतो की मिसळीच्या रश्शात बुडवूनही मऊ होत नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पावाला दोन वेगळी दुखणी होतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला बाधते.

पहिले दुखणे शिळेपणाचे. भाजताना मैद्यातला स्टार्च पाणी धरून फुगतो, त्यामुळे पाव मऊ लागतो. गार झाल्यावर तो स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट होत जातो. पाव पिशवीत बंद असला, त्यातले पाणी उडाले नसले, तरीही हे घडतेच. फ्रीजच्या ४-५ अंशांना तर ते सगळ्यात वेगाने घडते. दुसरे दुखणे बुरशीचे. तिचे बीजाणू हवेत असतातच. त्यांना फक्त ओल आणि ऊब हवी असते, आणि जुलैत आपल्या स्वयंपाकघरात दोन्हींची रेलचेल असते. फ्रीजमध्ये बुरशी मंदावते, पण पाव वातडतो. बाहेर पाव मऊ राहतो, पण बुरशी धरतो. बर्फाच्या कप्प्यात मात्र दोन्ही जवळजवळ थांबतात.

आता कृती.

१. आणताना. ताजी लादी कोमट असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून घरी आणू नका. आत वाफ धरते, तिचे थेंब पावावर पडतात आणि बुरशीला आयते पाणी मिळते. कापडी पिशवी न्या. बेकरीवाला वर्तमानपत्रात गुंडाळू लागला तर नको म्हणा. छपाईच्या शाईमुळे अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही (एफएसएसएआय) असे अन्न गुंडाळू नये असे वारंवार सांगितले आहे. स्लाइस ब्रेडचा पुडा घेताना तारीख बघा आणि पुडा उलटा करून तळ बघा. पिशवीच्या आत थेंब दिसले तर तो पुडा तिथेच राहू द्या.

२. घरी आल्यावर. लादी पूर्ण गार होऊ द्या, सुती फडक्याखाली, जाळीवर किंवा ताटलीत. घरी भाजलेला ब्रेड असेल तर दोन तास तरी थांबा आणि मगच कापा. मी एकदा घाईत गरम लोफ डब्यात बंद केला होता. दुसऱ्या दिवशी झाकणातून पाणी ठिबकत होते आणि तिसऱ्या दिवशी आख्खा लोफ ओल्या कचऱ्यात गेला.

३. वाटणी करा. सगळ्यात महत्त्वाचे काम हेच, आणि नेमके हेच टाळले जाते. आज-उद्या संपेल तेवढाच पाव बाहेर ठेवा, उरलेला लगेच बर्फाच्या कप्प्यात टाका. चार दिवस बाहेर ठेवून, आता संपत नाही म्हणून फ्रीझरमध्ये टाकलेला पाव तसाच शिळा बाहेर येतो. गोठवल्याने शिळेपणा थांबतो, मागे जात नाही.

बाहेरच्या पावाला जागा कोरडी हवी. फ्रीजचा माथा सोयीचा वाटतो, पण तिथे यंत्राची ऊब असते. गॅसशेजारी वाफ असते. स्टीलचा स्वच्छ, कोरडा डबा उत्तम. पुड्याचे तोंड पिळून, खाली दुमडून कपड्यांचा चिमटा लावला की पुरते. पावसाळ्यात डब्यात पेपर नॅपकिनची घडी ठेवावी आणि ओलसर लागली की बदलावी. ओला हात पुड्यात घालू नका, आणि लोणी लागलेली सुरी परत ब्रेडवर फिरवू नका. आख्खा लोफ कापायचा तर मधून कापावा, हव्या तेवढ्या चकत्या काढून दोन्ही तुकडे तोंडाला तोंड लावून ठेवावेत म्हणजे कापलेली बाजू उघडी पडत नाही.

गोव्यात पोदेराकडून (दारावर येणाऱ्या पाववाल्याकडून) रोज पोई (तिथला पाव) घेणाऱ्या घरांना ही उठाठेव फारशी करावी लागत नाही. सकाळची पोई सकाळीच संपते. रोज ताजे आणि लागेल तेवढेच घेणे ज्यांना शक्य आहे त्यांनी तेच करावे. बाकीच्यांसाठी पुढची पायरी.

४. गोठवताना. लादीचे पाव सुटे करा, नाहीतर गोठल्यावर दगडाची वीट होते. वडापावसाठी लागणार असतील तर आधीच मधून चीर द्या. एका वेळेला लागतील तेवढे, म्हणजे चार-चार, झिपलॉक पिशवीत भरा, हवा दाबून काढा आणि वर तारीख लिहा. स्लाइस असतील तर मध्ये बटर पेपर घातला की एकेक सहज सुटते. चांगल्या फ्रीझरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशांना, दोन-तीन महिने चव टिकते. एकदारी जुन्या फ्रीजच्या छोट्या कप्प्यात तेवढी थंडी नसते, तिथले दोन-तीन आठवड्यांत संपवा. मासळीच्या शेजारी ठेवत असाल तर दुहेरी पिशवी घ्या. पाव वास फार पटकन ओढतो.

५. बाहेर काढताना. स्लाइस थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर. पाव मात्र पिशवी न उघडता तासभर बाहेर ठेवा, म्हणजे दव पिशवीच्या बाहेरून धरते, पावावर नाही. मग तवा मंद तापवा, कडेने चमचाभर पाणी शिंपडा, पाव ठेवून एक मिनिट झाकण ठेवा. उष्णतेने घट्ट झालेला स्टार्च पुन्हा सैल होतो आणि पाव लुसलुशीत होतो. नुसता वातड झालेला पावही असाच जागेवर येतो, पण गरम असेपर्यंतच, म्हणून ताटात वाढायच्या वेळीच शेकावा. मायक्रोवेव्हमध्ये ओल्या फडक्यात दहा-पंधरा सेकंद पुरतात. जास्त झाले की चामडे. एकदा गोठण सुटलेला पाव पुन्हा गोठवू नका.

बुरशी दिसलीच तर तेवढा कोपरा खुडून बाकीचा खायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा. पाव सच्छिद्र असतो, बुरशीचे धागे ठिपक्याच्या बरेच आत गेलेले असू शकतात आणि दिसत नाहीत. वास घेऊन खात्री करायलाही जाऊ नका, बीजाणू नाकात जातात. सगळा पुडा बांधून टाकून द्या; पाव गाईला किंवा कुत्र्याला घालू नका. डबा गरम पाण्याने आणि व्हिनेगरने धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मगच वापरा. पावावरचा मैदा आणि बुरशी यांत गोंधळ होतो खरा: मैदा कोरडा असतो आणि बोटाने झटकला की जातो, बुरशी लवीसारखी, मखमली दिसते. आतून चिकट, ताणला की तार येणारा आणि पिकलेल्या फळासारखा वास येणारा पावही टाकायचाच. हे बुरशीचे नाही, जिवाणूंचे काम, आणि उन्हाळ्यात घरच्या ब्रेडला ते लवकर लागते.

बुरशी नाही, नुसता कोरडा पडलाय, अशा पावाचे काय करायचे हे मराठी घराला सांगायला नको. हिरवी मिरची, कांदा, फोडणी, वर लिंबू. उरलेल्या कडा उन्हात वाळवून मिक्सरमध्ये फिरवल्या की कटलेटला बाहेरून लावायला चुरा तयार. तो हवाबंद बरणीत ठेवा.