किट कारचे आतले पत्रे बसवताना रिव्हेट गन शेवटी उचला

किट कार म्हणजे सुटे भाग खोक्यांतून आणून घरी बांधायची गाडी. किटचे खोके उघडले की सगळ्यात आधी हात जातो तो चकचकीत ॲल्युमिनियमच्या पत्र्यांकडे, कारण चार पत्रे लागले की सांगाडा एकदम गाडीसारखा दिसायला लागतो. माझंही तेच झालं. इथे इंग्लंडमधे लोटस सेव्हन या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या वळणाची गाडी बांधतोय मी, डिझाइन १९५७ चं पण लोक अजून हौसेने घरी बांधतात, आणि पहिल्याच महिन्यात ड्रायव्हरच्या पायाकडचा पत्रा सीलंट लावून, रिव्हेट मारून पक्का करून टाकला. फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले, वाहवा झाली. मग लक्षात आलं की ब्रेकचा पाइप त्याच्या मागून न्यायचाय आणि आता तिथे हात जात नाही. सव्वीस रिव्हेट ड्रिल करून काढले, सीलंटने पत्रा इतका घट्ट धरलेला की उचकटताना वाकला.

तर क्रम असा ठेवा: भोकं आधी, पाइप आणि वायरिंग मग, रिव्हेट एकदम शेवटी. भोकं आधी का, तर पाइप बसल्यावर ड्रिल मारायला गेलात आणि बिट पलीकडे घुसली की ब्रेकची किंवा पेट्रोलची लाइन गेलीच म्हणून समजा.

पत्रा जागेवर नीट बसतोय का ते बघा, कोपऱ्यात वेल्डिंगचा फुगवटा असतो तिथे अडतो, पत्र्याचा तेवढा भाग कानशीने घासा, चॅसिसचं (सांगाड्याचं) वेल्डिंग घासायचं नाही हां. पत्रा नसेल किंवा चुकीचा आला असेल तर आधी पुठ्ठ्याचा कापून बघा, पुठ्ठा फुकट आहे. मग पत्रा क्लॅम्पने धरा आणि मागच्या बाजूने चॅसिसच्या पाइपच्या दोन्ही कडा मार्करने पत्र्यावर उमटवा. काढून टेबलावर घ्या, दोन रेषांच्या बरोब्बर मधे तिसरी रेघ, आणि त्या रेघेवर साधारण ५० ते ७५ मिमीवर खुणा. पाइप २५ मिमीचा असतो त्यामुळे मधली रेघ धरली की भोक पाइपच्या बाहेर जात नाही. पत्र्याच्या कडेपासून मात्र रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट तरी आत राहा, नाहीतर कड फाटते.

३.२ मिमीच्या रिव्हेटला ३.३ ची बिट. सेंटर पंच मारल्याशिवाय ड्रिल लावू नका, बिट घसरली की चकचकीत पत्र्यावर जो ओरखडा येतो तो रोज दिसतो (संरक्षक फिल्म शेवटपर्यंत ठेवायची ती याचसाठी). पत्र्याची भोकं टेबलावर पाडा, मग पत्रा परत लावून त्याच भोकांतून चॅसिसमधे, पण सगळी एकदम नाही. एक कोपरा पाडला की त्यात क्लेको घाला, मग समोरचा कोपरा, मग मधली. क्लेको म्हणजे स्प्रिंगचा तात्पुरता रिव्हेट, पक्कडीसारख्या हत्याराने घालायचा, त्यानेच काढायचा, कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं काम. ३.२ ला तांब्याच्या रंगाचे लागतात. वीस-पंचवीस घ्याच, यात कंजुषी नको.

सगळी भोकं झाली की पत्रा परत काढायचा. कंटाळा येतो, पण काढायचा. भोकांच्या कडेला जी धार येते ती मोठ्या बिटने हाताने फिरवून काढा, नाहीतर पत्रा पाइपला चिकटून बसतच नाही. लोखंडाचा कीस व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि चॅसिसच्या उघड्या भोकांना झिंक प्रायमरचा ठिपका द्या. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकत्र आले, त्यात पाणी आणि मीठ शिरलं की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी व्हायला लागते, आणि इथे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठच पसरतात. म्हणून मधे सीलंटचा थर पाहिजेच. पॉलीयुरेथेनचं चांगलं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन अजिबात नको, त्यातलं ॲसिड धातू खातं.

आता ब्रेकचे पाइप आणि वायरिंग बसवून घ्या. मग चॅसिसच्या पाइपच्या मधोमध सीलंटची एकच बारीक रेघ ओढा, पत्रा टेकवा, क्लेको घाला, मग एकाआड एक क्लेको काढत रिव्हेट. रिव्हेटची लांबी डबीवरची ग्रिप (रिव्हेट किती जाडी धरतो तो आकडा) बघून घ्या, १ मिमी पत्रा आणि १.६ मिमी पाइपची भिंत म्हणजे २.६, वर सीलंटचा थर. गन सरळ धरून दाबून ठेवा, टक्क आवाज आला की रिव्हेटमधला खिळा तुटला. डोकं तिरकं बसलं तर तसंच सोडू नका, आतला खिळा पंचने मागे ढकला, ३.३ च्याच बिटने डोकं उडवा आणि दुसरा मारा. फ्लोअरला बंद टोकाचे रिव्हेट घ्या, खालून पाणी येत नाही.

टनेलचं, म्हणजे दोन सीटच्या मधल्या लांब पेटीचं, वरचं झाकण मात्र रिव्हेट करू नका. खाली प्रॉपशाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) आणि हँडब्रेकची केबल असते, कधी ना कधी उघडावं लागणारच, तिथे एम५ चे रिव्हनट (रिव्हेटसारखे बसणारे आटे असलेले नट) आणि गोल डोक्याचे स्क्रू.

राहिल्या कडा. इथल्या आयव्हीए टेस्टला (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची तपासणी) आत डोकं आपटू शकेल अशा कडांची गोलाई कमीत कमी २.५ मिमी लागते, आणि १ मिमीच्या पत्र्याची कड कितीही घासली तरी तेवढी गोल होणार नाही, तेव्हा कड दुमडा किंवा रबर ट्रिम चढवा. माझा तो वाकलेला पत्रा लाकडी हातोडीने ठोकून बराच सरळ झाला, थोडी लाट राहिलीये, पण त्यावर कार्पेट येतंय.