आधी ओळ, मग तिचे नाव : अलंकार आणि वृत्ते शिकतानाचा अनुभव

बी. ए. ला मराठी विषय घेऊन मी सांगलीतील एका महाविद्यालयात दाखल झाले, तेव्हा माझ्याजवळ अलंकारांच्या व्याख्यांची एक दोनशे पानी वही होती आणि ती मला अक्षरशः तोंडपाठ होती. पहिल्याच चाचणीत मला दहापैकी तीन गुण मिळाले, कारण प्रश्नपत्रिकेतील उदाहरणे वहीबाहेरची होती. व्याख्या येत असूनही ओळ ओळखता येत नाही, ही अडचण आज मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांमध्ये पाहते. मराठी हा विषय नव्याने घेणाऱ्यांना आणि स्पर्धा परीक्षेच्या व्याकरणाची तयारी करणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून मी त्या अडचणीतून कशी बाहेर पडले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

माझी चूक अशी होती की मी ओळीचा अर्थ न पाहता तिच्यातील खुणेचे शब्द शोधत असे. ‘सारखा’ किंवा ‘सम’ दिसला की उपमा, ‘जणू’ किंवा ‘गमे’ दिसला की उत्प्रेक्षा, ‘नव्हे’ दिसला की अपन्हुती, असा माझा हिशेब होता. आमच्या सरांनी तो एका तासात मोडून काढला. मार्चचे दिवस होते आणि वर्गातील बऱ्याच जणांच्या घरी हळद शिजवून वाळत घातलेली होती. सरांनी सांगितले की अंगणातल्या त्या हळदीविषयी प्रत्येकाने एकेक वाक्य बोलायचे, मात्र त्यात सोन्याचा उल्लेख आला पाहिजे.

पहिले वाक्य आले, ‘हळकुंडे सोन्यासारखी पिवळीधमक दिसतात.’ येथे हळकुंडे हे उपमेय, सोने हे उपमान, पिवळेपणा हा साधारण धर्म आणि ‘सारखी’ हा साधर्म्य दाखवणारा शब्द आहे. उपमेची ही चारही अंगे एका वाक्यात समोर आली. ‘ही हळकुंडे म्हणजे जणू सोन्याच्या कांड्याच’ असे दुसरा म्हणाला आणि साम्याची जागा कल्पनेने घेतली, म्हणून ती उत्प्रेक्षा. ‘हळद हेच आमचे सोने’ यात दोन्ही एकरूप झाली आणि रूपक आले. ‘ही हळद नव्हे, हे तर सोने’ असे म्हणताना उपमेयाचा उघड नकार आला, ती अपन्हुती. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘आमची हळद सोन्याहून पिवळी’ असे म्हटले, तेव्हा उपमेय उपमानाच्याही वर चढले आणि रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार म्हणजे व्यतिरेक अलंकार आहे, हे आम्हाला प्रथमच कळले. ‘आमच्या हळदीसारखी आमचीच हळद’ या वाक्यात तुलनेला दुसरे काही उरलेच नाही, तो अनन्वय. शेवटी सरांनी स्वतः एक वाक्य सांगितले, ‘आमच्या अंगणात सोने वाळते आहे.’ यात हळदीचे नावसुद्धा नाही. उपमान उपमेयाला पूर्णपणे गिळून बसले आहे. संस्कृत काव्यशास्त्रात यालाही अतिशयोक्ती म्हणतात, आणि शाळेत शिकलेल्या ‘फुगवून सांगणे’ या अर्थापेक्षा ही कल्पना बरीच सूक्ष्म आहे.

त्या तासानंतर मी सात व्याख्या सुट्या सुट्या लक्षात ठेवणे सोडून दिले. उपमेय आणि उपमान यांच्यात किती अंतर उरले आहे, एवढा एकच प्रश्न विचारला की या सगळ्या अलंकारांचा उलगडा होतो. नव्या विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यात दुसरे काहीही करू नये. घरातली, शेतातली एखादी वस्तू घ्यावी आणि तिच्यावर अशी सात वाक्ये स्वतः रचावीत. स्वतः रचलेला अलंकार माणूस विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

खुणेच्या शब्दावर विसंबल्याने होणारी फसगत मात्र पुढेही काही काळ चालू राहिली. ‘गवा गाईसारखा दिसतो’ या वाक्यात उपमा आहे का, असे तोंडी परीक्षेत मला विचारले गेले आणि मी ‘हो’ म्हणाले. चांदोलीच्या जंगलात गवा पाहिलेला माणूस जेव्हा असे सांगतो, तेव्हा तो फक्त माहिती देत असतो. त्या साम्यात चमत्कृती नाही, म्हणून तेथे उपमा हा अलंकार नाही. अलंकारांच्या संख्येच्या बाबतीतही घाबरण्याचे कारण नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढच्या ग्रंथकारांनी बारीक भेद करत ही संख्या शंभराच्या पलीकडे नेली. अनुप्रास आणि यमक कानाला आपोआप कळतात, त्यांच्यावर फार वेळ घालवू नये.

वृत्ताची, म्हणजे लघु-गुरू अक्षरांच्या ठरावीक क्रमाने बांधलेल्या ओळीची, भीती घालवायला मला अधिक काळ लागला. लघु म्हणजे ऱ्हस्व आणि गुरू म्हणजे दीर्घ उच्चाराचे अक्षर; अशा तीन अक्षरांच्या गटाला गण म्हणतात. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र मला येत होते. कोणत्याही गणाचे अक्षर घेऊन त्यापुढची दोन अक्षरे जोडली की त्या गणाचा लघुगुरुक्रम मिळतो, हेही ठाऊक होते; ‘यमाता’ म्हणजे लघु, गुरू, गुरू, हा य गण. तरीही समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांतील ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ ही ओळ फळ्यावर सोडवताना मी ‘स’ला लघू आणि ‘ज्ज’ला गुरू केले आणि पुढचे सारे गणित बिघडले. सरांनी खडू माझ्या हातातून घेतला आणि ओळ मोठ्याने म्हणायला सांगितली. ‘सज्जना’ म्हणताना जोर ‘स’वर येतो, म्हणजे जोडाक्षरामुळे त्याच्या आधीचे अक्षर गुरू होते, जोडाक्षर स्वतः नव्हे. मग ओळ सरळ उलगडली : मनास, ज्जनाभ, क्तिपंथे, चिजावे. चार वेळा य गण, बारा अक्षरे, वृत्त भुजंगप्रयात. सज्जनगडावर लहानपणी आजीसोबत हेच श्लोक मी कितीतरी वेळा म्हटले होते, आणि सापाच्या चालीवरून नाव पडलेली ती लय माझ्या कानात आधीपासूनच होती. या नियमालाही अपवाद आहे. ‘तुझ्या’, ‘पुन्हा’, ‘कुऱ्हाड’ या शब्दांत जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत नाही, म्हणून ते लघूच राहते. येथे डोळ्यांपेक्षा कानावर विश्वास ठेवावा लागतो, म्हणून गण पाडण्यापूर्वी ओळ तीनदा मोठ्याने म्हणण्याची सवय नव्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

शब्दशक्ती, म्हणजे शब्दाची अर्थ व्यक्त करण्याची ताकद, हे प्रकरण बहुतेक विद्यार्थी परीक्षेपुरते वाचतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण काव्याचा खरा गाभा तेथे आहे. संस्कृत ग्रंथांत लक्षणेचे उदाहरण म्हणून ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ अशा अर्थाचे वाक्य येते. आम्हा सांगलीकरांना त्यासाठी गंगेपर्यंत जाण्याची गरज नाही. ‘आमचे घर कृष्णेवर आहे’ असे येथे सहज म्हटले जाते. प्रवाहावर घर असू शकत नाही, म्हणजे अभिधेने मिळणारा मुख्य अर्थ अडतो. मग त्याच्याशी निगडित असा ‘काठावर’ हा अर्थ आपण घेतो, ती लक्षणा. उन्हाळ्यात हेच वाक्य ऐकले की गारवा आणि घाट मनात येतात, ती व्यंजना. 2019 च्या ऑगस्टमध्ये मात्र पाणी गावात शिरले असताना एका मैत्रिणीने फोनवर हेच वाक्य उच्चारले आणि मला त्यातून फक्त भीती ऐकू आली. शब्द तेच होते, बोलणारी आणि वेळ बदलली होती. व्यंग्यार्थ संदर्भावर कसा अवलंबून असतो, हे मला त्या दिवशी जितके कळले तितके कोणत्याही टिपणातून कळले नव्हते.

महापुराच्या संदर्भात तुकारामांच्या अभंगातील ‘महापुरे झाडे जाती । तेथे लव्हाळे वाचती’ ही ओळ मी वर्गात नेहमी घेते. आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी जुळणारे यमक, असा हा लहान अभंगाचा नमुना आहे. पाठ्यपुस्तके येथे दृष्टांत, म्हणजे एखादी गोष्ट तशाच दुसऱ्या दाखल्याने पटवून देणारा अलंकार, सांगतात आणि परीक्षेत तसेच लिहावे. परंतु मोठेपणाला यातना असतात हे त्याच अभंगातील सर्वसाधारण विधान आणि झाड व लव्हाळे ही विशिष्ट उदाहरणे, असे नाते पाहिले तर ही ओळ अर्थांतरन्यासाकडेही, म्हणजे सर्वसाधारण विधानाला विशिष्ट उदाहरणाने पुष्टी देणाऱ्या अलंकाराकडेही, झुकते, असे माझे मत आहे. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने हाच मुद्दा माझ्या आधी मांडला. तिचे शेत नदीकाठी आहे. पूर ओसरल्यावर बांधावरची बाभूळ मुळासकट गेलेली आणि चिखलाने लडबडलेले लव्हाळे चार दिवसांत पुन्हा उभे राहिलेले तिने पाहिले होते. तिने तेवढे सांगितले आणि मग विचारले की पुराचे वर्णन करणाऱ्याला ही ओळ नुसती स्वभावोक्ती, म्हणजे जसे आहे तसे हुबेहूब वर्णन, वाटली, तर ते चूक ठरेल का. त्या दिवशीचा उरलेला तास आम्ही त्याच प्रश्नावर घालवला.