मशीन हूंऽऽ करतं पण फिरत नाही, तेव्हा

कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाच्या, आदल्या शनिवारी आमचं धुण्याचं मशीन बसलं. तेरा चादरी, पडद्यांचा ढीग, दुसऱ्या दिवशी रोटांना, म्हणजे कानबाईच्या प्रसादाला, भाऊबंद येणार, आणि हे नुसतं हूंऽऽ करत उभं. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "काय व, ते मशीन काहून बोंबलू रायलं?" मेकॅनिकला फोन लावला. त्याने न बघताच सांगितलं, मोटार गेली, बावीसशे लागतील, मंगळवारी येतो.

मला पटेना. हा हूं माझ्या ओळखीचा होता. घरच्या बोअरची सिंगल फेज मोटार कॅपॅसिटर, म्हणजे मोटारीला सुरुवातीचा झटका देणारी डबी, गेला की अशीच घुमते. आमच्या रावेर-यावलकडे त्या स्टार्टरची पेटी उघडायला कोणी मेकॅनिकची वाट बघत नाही. मग घरातल्या मशीनलाच एवढं का भ्यायचं?

मी सांगतेय ते दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिकचं. फुल ऑटोमॅटिकमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किटचं कार्ड असतं, त्याला मी हात लावत नाही.

आधी पिन काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं जोडलेलं असलं तर बटण बंद असूनही आत करंट राहतो. आणि हूं ऐकला की लगेच बंद करा. तसंच घुमत ठेवलं तर वायंडिंग, म्हणजे मोटारीतली तारांची गुंडाळी, जळतं, आणि मग फोनवरच्या मेकॅनिकचं म्हणणं खरं होतं.

आता धुण्याच्या टबातली चक्री हाताने फिरवून बघा. अडत असेल तर मधला स्क्रू काढून ती वर ओढा. आमच्या चक्रीखाली एकदा सेफ्टी पिन, रुपयाचं नाणं आणि केळीला आधार द्यायच्या प्लास्टिक पट्टीचं वेटोळं निघालं होतं. यांच्या खिशातलं, दुसऱ्या कोणाचं असणार! चक्री मोकळी फिरत असेल आणि तरी मोटार नुसती घुमत असेल, तर बहुतेक वेळा कॅपॅसिटरच. काही जण चालू मशीनमध्ये काठीने चक्री ढकलून बघतात. मी नाही करत.

मागचं झाकण उघडलं की वायरींच्या गुंत्यात प्लास्टिकची डबी दिसते, तोच कॅपॅसिटर. दुकानदार कंडेन्सर म्हणतात. पिन काढली तरी त्यात करंट साठून राहू शकतो, म्हणून होल्डरला लावलेल्या साध्या तारेच्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना क्षणभर टेकवायच्या; वायरींचं तांबं उघडं असतं तिथे बोट नको. डबीला दोनपेक्षा जास्त टोकं असतील तर प्रत्येक जोडी अशी रिकामी करा. मग मोबाईलवर फोटो काढा, कोणती वायर कुठे होती ते. माझ्यावेळी दोन वायरी लाल निघाल्या, फोटो नसता तर बसले असते डोकं धरून.

जुनी डबी सोबत घेऊनच दुकानात जा. आमच्या डबीवर १० आणि ५ एमएफडी (मायक्रोफॅरड, कॅपॅसिटरचं माप), ४४० व्होल्ट छापलंय. १० धुण्याच्या मोटारीचा, ५ पिळायच्या. तुमच्या डबीवर वेगळा आकडा असेल तर तोच घ्या. "थोडा मोठा लावा ताई, जोरात चालेल" असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका, मोटार तापते. व्होल्ट मात्र छापल्यापेक्षा कमी नको. मला १४० रुपये पडले.

मोटार सुसाट पळते आणि चक्री सुस्त, असं असेल तर मोटारीवरून चक्री फिरवणारा पट्टा बघा. मोटारीचे बोल्ट सैल करून ती थोडी मागे सरकवा, पट्टा बोटाने दाबल्यावर अर्धा इंच दबला पाहिजे. भेगा पडल्या असतील तर नवाच टाका.

पिळायचा टब फिरत नसेल तर झाकणाचा स्विच लागतो का बघा, मग ब्रेकची तार. झाकण उघडल्यावर ब्रेक लागतो. तार अडकली की तो झाकण लावूनही सुटत नाही. टब आणि मशीनच्या भिंतीच्या फटीत पायमोजा किंवा हातरुमालही सापडतो.

पाणी जात नसेल तर आधी पाइप खाली टाका. सेमीमध्ये पाणी ओढायला पंप नसतो, उतारानेच जातं. मोरीच्या कठड्यावर पाइप टेकवून "जाम झालं" म्हणणाऱ्या शेजारणीकडे मी दोनदा जाऊन आलेय. तरी नाही गेलं तर टबाखालच्या रबरी व्हॉल्व्हमध्ये केस आणि धागे अडकलेले असतात.

बोअरचं पाणी जड असेल तर आत पांढरा थर बसतो. लिंबूसत कोमट पाण्यात घालून तासभर मुरू द्यायचं, मग चक्री चालवून काढून टाकायचं. केळीच्या चिकाचे डाग मात्र त्याने जात नाहीत, ते कशानेच जात नाहीत.

मशीनच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर काही उघडू नका, वापरणं बंद करा आणि वायरमनला बोलवून अर्थिंग बघून घ्या. उंदरांनी वायर कुरतडली असेल तर नुसती टेप गुंडाळू नका, वायर बदला आणि तळाला बारीक जाळी लावा. जळका वास आला तर तो मेकॅनिकचाच विषय.

झाकण लावायच्या आधी वायरी पट्ट्यापासून लांब बांधा. आधी कपड्यांशिवाय, नुसतं पाणी भरून पाच मिनिटं चालवा. माझ्याकडे शेवटी एक स्क्रू उरला होता, तो अजून तांदळाच्या डब्याजवळच्या वाटीत आहे. चादरी रात्री नऊला दोरीवर गेल्या.