गिअर बदलायचेत? आधी दात मोजा: एमटीबी (माउंटन बाईक) अपग्रेड करताना या चुका टाळा

पावसाळा सरत आला की सिंहगडाच्या वाटेवर सायकली वाढतात आणि पाठोपाठ एक प्रश्नही हमखास येतो: "माझी २१ गिअरची आहे, चढावर जड जाते. वन-बाय-ट्वेल्व्ह करून टाकू का?" म्हणजे पुढे एकच चकती, मागे बारा. विचारणाऱ्याने किट बहुधा कार्टमध्ये टाकलेलंच असतं, त्याला फक्त 'हो' ऐकायचं असतं. मी विचारतो, चढावर तुला कमी पडतोय तो एक हलका गिअर. त्या एकासाठी बारा विकत घ्यायचे का?

पहिली चूक: आहेत ते गिअर लागतात का, हेच न बघणं

आमच्या सोसायटीतला एक मित्र गेल्या वर्षी असाच आला. २७.५ इंची चाकं, पुढे ४२-३४-२४ दातांच्या तीन चकत्या, मागे १४ ते २८ दातांच्या सात. "वरच्या वळणांवर उतरून ढकलावी लागते रे." सायकल स्टँडवर घेतली. मी पॅडल फिरवत राहिलो आणि त्याला म्हटलं, पुढचा गिअर एकवर टाक. हँडलवरचा डावा शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा खटका, टक् करून एकवर गेला. चेन ३४ वरच. पुन्हा दोन, पुन्हा एक. चेन जागची हलेना. गडी दीड वर्ष सगळे घाट मधल्या चकतीवर चढत होता आणि शिफ्टरवर १ दिसतोय म्हणून आपण सगळ्यात हलक्या गिअरवर आहोत असं समजत होता.

याचं कारण साधं आहे. पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, मोठ्या चकतीकडे जातो तो केबलच्या ओढीने. लहान चकतीकडे मात्र तो फक्त स्प्रिंगच्या जोरावर परततो. दोन पावसाळे खाल्लेली केबल आऊटरच्या (तिच्या वरच्या नळीच्या) आत गंजून अडकली की स्प्रिंगचं काही चालत नाही. आम्ही केबल-आऊटर नवी घातली, 'एल' लिहिलेला स्क्रू पाव फेरा सैल केला, आणि चेन धप्पकन २४ वर बसली. काहीशे रुपयांत काम झालं.

हे बघतानाच मागचं चाक उचलून फिरवा. ब्रेक घासत असेल तर जगातला कुठलाही गिअर जडच वाटणार. सीट खाली असेल तरी तसंच होतं: टाच पॅडलवर ठेवून पॅडल खालच्या टोकाला नेल्यावर पाय सरळ व्हायला हवा. टायरमधली हवा तर सांगायलाच नको, तरी सांगतो, कारण अर्धे लोक ती अंगठ्याने दाबून मोजतात.

दुसरी चूक: गिअर मोजणं, दात न मोजणं

२१ की १२, या आकड्यावरून चढाचं काहीच कळत नाही. कळतं ते एका भागाकारातून: पुढच्या चकतीचे दात भागिले मागच्या चकतीचे दात. उत्तर जितकं लहान, तितका गिअर हलका.

मित्राचंच गणित घ्या. ३४ भागिले २८ म्हणजे १.२१. मिनिटाला ६० वेळा पॅडल फिरवलं तर २७.५ च्या चाकावर वेग येतो ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरले, तर ८ टक्के चढावर हा वेग ठेवायला सुमारे २०० वॅट लागतात. रविवारी तेवढी सायकल काढणाऱ्याला एवढी ताकद तासभर टिकवता येत नाही. मग पॅडलची गती चाळिशीवर येते आणि गुडघे बोलायला लागतात. तोच माणूस २४-२८ वर आला की गुणोत्तर ०.८६, वेग साडेसहा, आणि काम १४० वॅटच्या आसपास भागतं. एका गंजलेल्या केबलने एवढा फरक पाडला होता.

केबल बदलल्यावर तो सिंहगडाच्या पायथ्याच्या गोळेवाडीच्या नाक्यापासून निघाला आणि बराच वर गेला, पण तीव्र वळणांवर पाय पुन्हा जमिनीला लागलेच. म्हणजे गिअर खरोखरच कमी पडत होता. आता अपग्रेडचा विषय काढायला हरकत नव्हती.

इथे त्याच्या कार्टमधलं किट आणि साधा उपाय शेजारी ठेवून बघितले. त्याच्या सातच्या फ्रीव्हीलऐवजी (मागच्या चकत्यांचा संच) १४-३४ चं 'मेगारेंज' फ्रीव्हील बसतं, किंमत हजाराच्या आतबाहेर. २४ भागिले ३४ म्हणजे ०.७१. आणि पुढे एकच ३२ ची चकती, मागे ११-४६ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा दुसऱ्या प्रकारचा संच) असलेलं नवं किट? ३२ भागिले ४६, म्हणजे ०.७०. जवळजवळ तेच! उताराकडचा जड गिअरही तसाच: ४२-१४ चा ३.०, तर ३२-११ चा २.९. मागे ५१ दातांची चकती घेतली तर ०.६३ मिळतं, तो खरंच हलका आहे. पण त्यावर ६० च्या गतीने पॅडल मारत गेलात तर ताशी पाच किलोमीटरही भरत नाहीत. शेजारून चालणारा गप्पा मारत बरोबर येईल.

मेगारेंजमध्ये खोट नाही असं नाही. सहाव्या चकतीला २४ दात आणि सातवीला थेट ३४, मध्ये काही नाही. चेन चढली की पाय एकदम मोकळे पडतात, लय तुटते. माझ्या मते नऊ किलोमीटरच्या घाटासाठी हे चालवून घ्यावं. रोज ट्रेलवर जाणाऱ्याने नाही.

तिसरी चूक: कॅसेट मागवली, हब फ्रीव्हीलचा निघाला

पार्सल परत जाण्याचं हे नेहमीचं कारण. स्वस्त एमटीबीत मागे बहुधा फ्रीव्हील असतं, म्हणजे चकत्या आणि रॅचेट (पॅडल थांबलं तरी चाक फिरू देणारी यंत्रणा) मिळून हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आट्यांवर फिरवून बसवलेला एकच भाग. कॅसेट मात्र फ्रीहबच्या खाचांवर सरकवतात, रॅचेट हबमध्येच राहतं. ओळखायला मागचं चाक काढा, चकत्यांच्या मध्यभागी पाना बसायची खाच असते ती बघा आणि चकत्या उलट्या फिरवा. खाच चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट. जागेवर राहिली तर फ्रीव्हील.

फ्रीव्हील असेल तर बारा गिअरच्या किटबरोबर मागचं चाकही बदलावं लागतं, आणि बजेट तिथेच फाटतं. फ्रीहब असला तरी कुठला ते बघा. शिमानो आणि स्रॅम या गिअर बनवणाऱ्या कंपन्या. शिमानोच्या जुन्या एचजी खाचांवर सगळ्यात लहान चकती ११ दातांची बसते. १० दातांपासून सुरू होणाऱ्या १०-५१ कॅसेटला शिमानोचा मायक्रो स्प्लाइन फ्रीहब लागतो, स्रॅमच्या १०-५० ला एक्सडी नावाचा फ्रीहब.

चौथी चूक: मित्राकडून आलेला डिरेलर

शिमानोचे ७, ८ आणि ९ गिअरचे मागचे डिरेलर केबलच्या ओढीच्या हिशेबात एकमेकांशी जुळतात. एमटीबीच्या १० गिअरपासून ती ओढच बदलली. म्हणून ९ चा शिफ्टर आणि १० चा डिरेलर कितीही ट्यून करा, दोन गिअर बसले की तिसरा खडखडतो. शिफ्टरचे टप्पे मागच्या चकत्यांइतकेच हवेत, हे तर आलंच.

पाचवी चूक: झिजलेल्याला जुनं समजणं

"जोर लावला की चेन घसरते, गिअर म्हातारे झाले." कंपासपेटीतली पट्टी घ्या. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये १२ इंचांवर बरोबर पिनचा मध्य येतो. तो एक-षोडशांश इंच पुढे गेला असेल तर चेन साधारण अर्धा टक्का वाढली आहे, तेव्हाच नवी घातलेली बरी. एक-अष्टमांश गेला असेल तर उशीर झाला; चकत्यांचे दातही त्याच मापाने झिजलेले असतात आणि त्यांच्यावर नवी चेन घातली की तीच जास्त घसरते. मग चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदला.

आणि गिअर आपोआप उड्या मारत असतील, तर मागे उभं राहून डिरेलर बघा. त्याची दोन छोटी चाकं वरच्या चकत्यांच्या सरळ रेषेत दिसली पाहिजेत. आत कललेली दिसली तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकलाय. टेम्पोत किंवा गाडीच्या डिकीत सायकल चेनच्या बाजूवर आडवी टाकली की हे होतं. हँगर सरळ करून घ्यायचा, नाहीतर नवा. वाकलेल्या हँगरवर चढवलेलं महागडं किटही तसंच उड्या मारतं.

मग अपग्रेड करायचं कुणी?

ज्याची चेन दगडगोट्यांच्या वाटेवर सारखी उतरते, त्याने. क्लच (चेन सैल झुलू न देणारी यंत्रणा) असलेला मागचा डिरेलर आणि नॅरो-वाइड, म्हणजे एकाआड एक बारीक-जाड, दातांची एकच पुढची चकती, ही जोडी धक्क्यांत चेन धरून ठेवते. तिथे वन-बायचे पैसे वसूल होतात. ज्याच्या सायकलला फ्रीहब आहे आणि चेन, कॅसेट, चकत्या सगळंच एकदम संपलंय, त्यानेही विचार करावा, कारण खर्च होणारच आहे. सोळा-सतरा हजारांच्या सायकलवर वीस हजारांचे गिअर चढवायला मात्र मी कुणाला हो म्हणत नाही. तेवढ्यात आधी ब्रेक सुधारा, सिंहगड उतरायचाही असतो.

बसवताना राहून जाणारी गोष्ट

मोठं फ्रीव्हील घालून जुनीच चेन ठेवली, आणि चुकून पुढची मोठी व मागची मोठी अशी जोडी लागली, तर आखूड चेन डिरेलर ओढून फ्रेमसकट वाकवते. मित्राच्या सायकलीचं माप घेतलं तेव्हा हेच होणार होतं. चेन डिरेलरमधून न नेता थेट ४२ आणि ३४ वरून गुंडाळून बघितली, वर एक इंच शिल्लक हवी होती. जुनी चेन कशीबशी टोकाला टोक भिडत होती. डिरेलरची क्षमताही तपासून घ्या: पुढच्या मोठ्या-लहान चकत्यांतला फरक अधिक मागचा फरक, इथे १८ अधिक २०, म्हणजे ३८. डिरेलरच्या माहितीत यापेक्षा कमी आकडा असेल, किंवा मागच्या मोठ्यात मोठ्या चकतीची मर्यादा ३४ च्या खाली असेल, तर फ्रीव्हीलबरोबर लांब पिंजऱ्याचा (दोन छोटी चाकं धरणारा भाग लांब असलेला) डिरेलरही यादीत लिहा.